खून एकच, प्रश्न चार

शुक्रवारी रात्री कॉलेजच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘वीकेंडला बघायला एखादी भारी थ्रिलर सांगा ना!’ पुढच्या दहा मिनिटांत पंधरा नावं येतात. त्यात ‘दृश्यम’ असतो, ‘तुंबाड’ असतो, ‘समांतर’ असते, कुणीतरी ब्योमकेश बक्षी पुढे करतो आणि एक जण हटकून ‘सीआयडी’ लिहून हसणारे इमोजी टाकतो. शनिवारी दुपारपासून तक्रारी सुरू. ‘अरे, भुताचं निघालं ते, मी एकटी होते रूमवर!’ किंवा मग ‘खुनी कोण ते पहिल्या अर्ध्या तासातच दाखवलंय, आता बघायचं काय?’

यात सुचवणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं आणि बघणाऱ्याचंही नसतं. गोंधळ शब्दांचा असतो. मिस्ट्री, क्राइम, थ्रिलर, हॉरर हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. ओटीटीवरही एकाच सिरीजखाली तीन-तीन टॅग ओळीने चिकटवलेले दिसतात. खाणावळीच्या पाटीवर ‘जेवण आहे’ एवढंच लिहावं आणि आत काय आहे ते बसल्यावर कळावं, तसं काहीसं.

बरं, वरवर पाहिलं तर या चौघांच्या घरात सामानही सारखंच. प्रेत, पोलीस, पाऊस, लाइट जाणं, दाराची करकर. त्यामुळे ‘भूत असेल तर हॉरर, पोलीस असतील तर क्राइम’ हा सोपा हिशेब लवकरच फसतो. खरा फरक गोष्टीत काय आहे यात नसतोच. गोष्ट आपल्याला कोणता प्रश्न विचारायला लावते, यात असतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एखाद्या पेठेत एक जुना वाडा आहे. बिल्डरशी करार झालाय, भाडेकरू एकेक करून निघून गेलेत. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा एका सकाळी खोलीत मेलेले सापडतात. दाराला आतून कडी.

आता, हे कुणी केलं आणि कडी आतून लागलीच कशी, या प्रश्नामागे तुम्ही धावत असाल, तर ती मिस्ट्री. पण समजा, आदल्या रात्री आजोबांचा पुतण्या जिना चढताना आपण पाहिलाय. समोरच्या गॅलरीतल्या मुलीनेही पाहिलाय. ती मुलगी आता क्लास संपवून शेवटच्या बसने परत येतेय आणि पुतण्या चौकात उभा आहे. कोण, हा प्रश्नच उरला नाही. ती घरी पोहोचेल का, एवढाच उरला. ही थ्रिलर. तिसरा लेखक पुतण्याच्या मागे जाईल. त्याची नोकरी कधी सुटली, कर्ज कुणाकडून घेतलं, बिल्डरच्या ऑफिसात त्याला चहा कुणी पाजला, आजोबा सही करायला तयार नव्हते हे बाहेर कुणी सांगितलं. ती क्राइम. आणि चौथा लेखक म्हणेल, आजोबांना जाऊन महिना झाला, खोलीला बाहेरून कुलूप आहे. तरी रोज रात्री आतली कडी सरकल्याचा आवाज येतो. इथे ‘कुणी’ विचारायची हिंमतच होत नाही. ही हॉरर.

वाडा तोच, आजोबा तेच, कडीसुद्धा तीच.

मिस्ट्रीची गंमत अशी की ती मुळात एक खेळ आहे आणि खेळ म्हटला की नियम आले. एडगर ॲलन पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ १८४१ साली आली. आधुनिक डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात तिथून मानतात, आणि त्या पहिल्याच कथेत खोली आतून बंद होती! पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने (तो स्वतः रहस्यकथाही लिहायचा) डिटेक्टिव्ह कथेसाठी चक्क दहा आज्ञा काढल्या. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच भेटलेला असला पाहिजे. भुताखेतांनी मदत करायची नाही. गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त चालणार नाही. डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही लगेच दाखवायचा. आणि जुळा भाऊ आणायचा तर आधी वाचकाची तयारी करून घ्यायची. ही शेवटची आज्ञा आपल्याकडच्या डेली सोपवाल्यांनी वाचली असती, तर निम्म्या मालिका दोन महिन्यांत आटोपल्या असत्या.

या आज्ञा अर्धवट गमतीतच लिहिलेल्या आहेत. पण त्यामागचं तत्त्व गंभीर आहे: वाचकाला फसवा, पण प्रामाणिकपणे फसवा. अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वर १९२६ मध्ये जो गदारोळ झाला, तो याच मुद्द्यावर. बाईंनी खेळ खेळला की रडी केली? (उत्तर हवं असेल तर पुस्तक वाचा. ते सांगणाऱ्याशी मैत्री तोडावी, असं माझं मत आहे.)

त्झ्वेतान तोदोरोव्ह हे नाव मास कॉमच्या नोट्समध्ये आलं की सगळे पान उलटतात. पण १९६६ च्या एका निबंधात त्याने डिटेक्टिव्ह कथेबद्दल फार साधी गोष्ट सांगितलीय. अशा कथेत खरं तर दोन गोष्टी असतात. एक खुनाची, जी पहिलं पान उघडण्याआधीच संपलेली असते. दुसरी तपासाची, जी आपण वाचतो. ब्योमकेश बक्षी येतो तेव्हा जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. तो मागे चालत जातो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा हा नायक स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणतो. म्हणूनच मिस्ट्री पाहताना आपण तसे सुरक्षित असतो. उशीला टेकून, चहा घेत, ‘तो डॉक्टरच असणार बघ’ म्हणत.

थ्रिलर ही उशी काढून घेते. तिथे दोन गोष्टींची एकच होते. घडतंय ते आत्ता घडतंय आणि ज्याच्या मागे आपण आहोत तो स्वतःच मरू शकतो. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या गप्पांमध्ये दिलेलं उदाहरण फिल्म स्टडीजच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. चार माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. आता तोच प्रसंग, पण बॉम्ब ठेवलाय हे प्रेक्षकाला आधीच सांगा, भिंतीवर घड्याळ दाखवा. त्याच कंटाळवाण्या गप्पा ऐकताना प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेवर. म्हणजे मिस्ट्रीवाला माहिती लपवतो आणि थ्रिलरवाला ती वाटून टाकतो. ‘खुनी कळला, आता बघायचं काय’ ही तक्रार थ्रिलरच्या बाबतीत म्हणूनच गैरलागू आहे. बघायला तिथूनच सुरुवात होते.

‘दृश्यम’ घ्या. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा, जितू जोसेफचा. हिंदीत तो २०१५ मध्ये केला आपल्या ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामत यांनी आणि गोष्ट आणली गोव्यात. विजय साळगावकरच्या घरात काय घडलं ते आपल्या डोळ्यांसमोर घडतं. त्यामुळे पूर्ण सिनेमाभर आपण पोलिसांच्या दोन पावलं पुढे असतो आणि तरीही दर चौकशीला पोटात गोळा येतो. धाकटी मुलगी बोलून जाईल का? २ ऑक्टोबरचं सत्संगाचं नाटक टिकेल का? ही शुद्ध थ्रिलर. पण दिग्दर्शकाने एकच गोष्ट आपल्यापासूनही लपवून ठेवलीय आणि ती तो शेवटच्या काही मिनिटांत दाखवतो. थ्रिलरच्या पोटात लपवलेली ही एवढीशी मिस्ट्री आहे. मला वाटतं, लोक ‘दृश्यम’ पुन्हा पुन्हा बघतात ते थ्रिलरसाठी आणि दुसऱ्याला बघायला लावतात ते त्या शेवटासाठी.

‘समांतर’मध्ये हा सांधा आणखी स्पष्ट दिसतो. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ही सिरीज. आपल्याला जे आयुष्य जगायचंय ते सुदर्शन चक्रपाणी नावाचा कुणी माणूस आधीच जगून बसलाय, असं कुमार महाजनला कळतं. तो चक्रपाणीला शोधत असतो तोवर आपण मिस्ट्रीत असतो. चक्रपाणीच्या डायऱ्या हातात आल्यावर प्रश्नच बदलतो. उद्याच्या पानावर काय आहे, आणि ते टाळता येईल का? प्रेक्षक एकच, खुर्ची तीच, पण पहिल्या सीझनचा आणि दुसऱ्या सीझनचा जीव वेगवेगळ्या ठिकाणी टांगलेला.

क्राइमबद्दल थोडक्यात, कारण आपल्याकडे ‘क्राइम’ म्हटलं की टीव्हीवरचं प्रकरण आणि निवेदकाचा सावधानतेचा इशारा एवढंच आठवतं. चांगली क्राइम कथा कुणी केलं हे विचारत बसत नाही. ती विचारते, हा माणूस इथवर आला कसा? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला. १९८२ चा गिरणी संप, बंद पडलेल्या गिरण्या, एका खोलीत कोंबलेलं कुटुंब आणि त्यातला एक मुलगा टोळीच्या वाटेला लागतो. यात कोडं कुठेच नाही. गोळी कुणी झाडली हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की त्या पोराला त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं.

आता हॉरर. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण या प्रकाराशी आपण सगळ्यात जास्त अन्याय करतो. अंधारात अचानक तोंड पुढे आणलं, मोठा आवाज केला, प्रेक्षक दचकला की झालं हॉरर, असं समजलं जातं. दचकायला तर कुकरची शिट्टीही पुरते. मिस्ट्रीत भीती वाटली तरी शेवटी दिवा लागतो. आवाज मांजराचा होता, सावली माळ्याची होती, हे कळतं आणि जग पुन्हा जागेवर येतं. हॉररमध्ये दिवा लावूनही काही फरक पडत नाही. ‘लपाछपी’मध्ये भीती उसाच्या फडात आहे, ज्या उसाशेजारून आपण एसटीने शंभर वेळा गेलोय. आणि त्या सिनेमातलं सगळ्यात भयानक काय, तर भूत नव्हे. पोटातल्या मुलीचं काय करायचं याबद्दलचं तिथल्या माणसांचं एकमत.

‘तुंबाड’चं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यातली भीती आली नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी धारप हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या आईवडिलांनी मात्र ते लायब्ररीतून आणून, पांघरुणात शिरून वाचलेलं होतं. धारपांनी परदेशी कल्पनाही भरपूर उचलल्या. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली. पण किंगची अमेरिका त्यांनी अशी मराठी गावात आणून बसवली की वाचताना परकं काही वाटत नाही. दाराबाहेर उभं असलेलं ‘ते’ आत येण्यासाठी परवानगी मागतं आणि आपल्याला दार उघडून ‘या, बसा’ म्हणायची सवय. भीती तिथे आहे.

एवढं झाल्यावर चार खण नीट लागले असं वाटतं. मग हातात रत्नाकर मतकरींचं पुस्तक येतं आणि सगळी मांडामांड विस्कटते.

‘अलबत्या गलबत्या’ लिहिणारे मतकरी मोठ्यांसाठी ज्या कथा लिहीत, त्यांना गूढकथा म्हटलं जातं. हा शब्द इंग्रजीतल्या चारपैकी एकाही खणात बसत नाही. मिस्ट्रीचं भाषांतर म्हणून आपण कधी ‘रहस्य’ लिहितो, कधी ‘गूढ’. पण हे दोन शब्द एक नाहीत. रहस्य उलगडतं. गूढ उलगडलं तरी गूढच राहतं. गूढकथेत खुनी सापडेलच असं नाही, भूत असेलच असंही नाही. एक साधा माणूस असतो, त्याच्या मनात एक सांदीकोपरा असतो आणि शेवटच्या परिच्छेदात आपल्याला कळतं की तो कोपरा आपल्याही मनात आहे. गोष्ट संपते, पुस्तक मिटतं, पण काहीतरी उघडंच राहतं. मराठीने तयार केलेला हा पाचवा खण आहे आणि ओटीटीच्या टॅगमध्ये तो शोधून सापडणार नाही.

गंमत म्हणजे एवढा बारीक फरक करणारी भाषा असूनही आपण दुकानात आणि लायब्ररीत सगळ्यांना एकाच रॅकवर कोंबलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. त्यांचा झुंजार कायद्याबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारा. म्हणजे तो कोडी सोडवणाऱ्यांपेक्षा साहसकथेच्या, क्राइमच्या जवळचा. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप थ्रिलरमधला. शिरवळकरांकडे तर मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी पूर्ण टीम. धारप भयकथांचे, मतकरी गूढकथांचे. पण रॅकवर एकच पाटी: रहस्यकथा. आणि त्या पाटीचा न बोललेला अर्थ: टाइमपास. शिरवळकर आज बहुतेकांना ‘दुनियादारी’मुळे माहीत आहेत, कारण ती रहस्यकथा नाही! प्रत्येक प्रकाराला त्याच्या स्वतःच्या प्रश्नावरून तपासलं असतं, तर कोण भारी आणि कोण पाट्या टाकणारा हे तरी नीट ठरलं असतं. धारपांच्या गोष्टीत खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही म्हणून नाक मुरडणं म्हणजे पुरणपोळीला तिखट नाही म्हणून नावं ठेवणं.

हे आत्ता सांगायचं कारण, एकांकिका स्पर्धांच्या निमित्ताने दरवर्षी प्रत्येक कॉलेजात एक तरी ‘सस्पेन्स थ्रिलर हॉरर’ लिहिली जाते. त्यातल्या बऱ्याच जणी शेवटच्या पाच मिनिटांत मरतात. चाळीस मिनिटं आपल्याला कोण-कोण म्हणून पळवलं जातं आणि मग कळतं, तो आत्मा होता. किंवा चाळीस मिनिटं घाबरवून शेवटी, नायकाला भास होत होते. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न विचारून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. प्रकार एकत्र करायला काहीच हरकत नाही, ‘दृश्यम’ने केलेतच की. पण लिहिणाऱ्याला तरी माहीत हवं की प्रेक्षक आत्ता कोणत्या प्रश्नावर बसलाय.

आणि काही वेळा ते माहीत असणं नाटकापुरतं राहत नाही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये एकापाठोपाठ एक मुली आणि स्त्रिया मारल्या जात होत्या. गुप्तधन, नरबळी, अघोरी पूजा. गोष्टीसाठी लागणारं हॉररचं सगळं सामान तिथे हजर होतं. तपासाला गेले रमाकांत कुलकर्णी, ज्यांनी १९६८ मध्ये मुंबईतलं रमण राघव प्रकरण हाताळलं होतं. त्यांच्या आठवणींवरची ‘मानवत मर्डर्स’ ही सिरीज २०२४ मध्ये आली. त्यात आशुतोष गोवारीकरांनी त्यांचं काम केलंय. अशा जागी पोलीस अधिकाऱ्यापुढे प्रश्न मिस्ट्रीचाच असावा लागतो. कोण कुठे होतं, कुणाचा फायदा, काय आधी घडलं. कारण शापाला अटक करता येत नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात यायला पुढे २०१३ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला.

भानामतीची बातमी अजूनही अधूनमधून येते. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, डब्यातल्या पिठात केस सापडतात. गाव जमतं, मांत्रिक येतो, आता मोबाइलवर व्हिडिओही निघतो आणि त्याला मागून भुताचं म्युझिक लावलं जातं. अशा घरी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जातात तेव्हा ते भुताबद्दल वाद घालत बसत नाहीत. शांतपणे बसून विचारतात, कपडे पेटले तेव्हा घरात कोण होतं? कुणाचे कपडे पेटले आणि कुणाचे एकदाही पेटले नाहीत? कुणी गावाला गेलं होतं तेव्हा सगळं थांबलं होतं का? अगदी नॉक्सच्या आज्ञेबरहुकूम, भुताखेतांना बाजूला ठेवून. बहुतेकदा करणारी व्यक्ती घरातलीच निघते. पुष्कळदा ती कुणी पोळलेली सून असते, शाळा सुटलेली मुलगी असते, ज्यांचं त्या घरात एरवी कुणी ऐकत नाही. कोण, ते कळतं. मग कार्यकर्ते बाकीच्यांना बाहेर पाठवतात, तिच्याजवळ बसतात आणि पुढचा प्रश्न विचारतात, तू हे का करतेस?